हातोडा पडण्याआधी

२८ एप्रिल २०२५. नागपूरकर भोसल्यांची तलवार लंडनमध्ये सोदबीजच्या लिलावाला निघाली आहे, अशी बातमी महाराष्ट्रात येऊन थडकली. लिलाव दुसऱ्याच दिवशी होता. मग मंत्रालयातून फोन फिरले, सूत्रे हलली, मध्यस्थ गाठला गेला आणि २९ तारखेला तलवार राज्य सरकारच्या पदरात पडली. वाहतूक, हाताळणी, विमा असे सगळे धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये लागले. १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली तेव्हा तिचे जंगी स्वागत झाले.

ज्यांनी ही धावाधाव केली त्यांना मनापासून शाबासकी. सरकारी फाइल एका दिवसात हलू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पण त्याच एका दिवसाने मला अस्वस्थ केले आहे. बातमी चोवीस तास उशिरा आली असती तर? तलवार कुणा धनिकाच्या दिवाणखान्यात जाऊन पडली असती आणि पुढच्या दोन पिढ्यांना ती आहे कुठे, एवढेही कळले नसते.

लिलावाची यादी काही आदल्या रात्री निघत नाही. मोठी लिलावगृहे आपला कॅटलॉग कित्येक दिवस आधी जाहीर करतात. त्यात वस्तूचा फोटो असतो, मोजमाप असते, अपेक्षित किंमत असते आणि ती कुणाकुणाच्या हातून आली याची माहितीही बहुतेकदा असते. इंटरनेटवर हे सगळे कुणालाही फुकट वाचता येते. महाराष्ट्रात पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालयांसाठी स्वतंत्र संचालनालय आहे, विद्यापीठांत इतिहासाचे विभाग आहेत, शिवकाळ आणि पेशवाईवर रात्र रात्र वाद घालणारे हजारो लोक आहेत. इतके सगळे असूनही आपल्याला जाग आली ती आदल्या दिवशी. कारण रोज सकाळी ही यादी उघडून पाहणे, हे इथे कुणाच्याच नेमणुकीत लिहिलेले नाही.

आता ती तलवार जरा जवळून पाहू. ती फिरंग जातीची आहे. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजी भोसल्यांचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासह. हा किताब त्यांना छत्रपती शाहू महाराजांनी दिला होता. याच पहिल्या रघुजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहात अलिवर्दी खानाकडून ओडिशाचा मुलूख मिळवला. नागपूरच्या दरबारातली मूठ, युरोपचे पोलाद आणि मराठी अक्षरे एकाच हत्यारावर! अठराव्या शतकातला मराठ्यांचा व्यापार, लष्कर आणि कारागिरी शिकवायला एवढी एक वस्तू पुरेशी आहे. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, त्यानंतर खजिन्याची लूट झाली आणि त्यातच ही तलवार बाहेर गेली असावी, असा तर्क मांडला जातो.

म्हणजे जी वस्तू कदाचित लुटून नेली गेली, ती आपण पैसे मोजून परत आणली. हे कुणालाही टोचायला हवे. पण याला पर्याय काय होता? दावा करायचा तर पुरावा लागतो, वकील लागतो आणि सगळ्यात आधी वेळ लागतो. एका दिवसात दावा उभा राहत नाही, फार तर बोली उभी राहते. यादी महिनाभर आधी वाचली तरच आपल्यापुढे दोन रस्ते असतात. ती आदल्या दिवशी वाचली, तर खिशात हात घालण्यावाचून दुसरा रस्ता उरत नाही.

वेळेत हललो तर काय होते, तेही त्याच वर्षी दिसले. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. त्यात बुद्धाचे अवशेष मानल्या गेलेल्या अस्थी आणि त्यांच्यासोबत ठेवलेली रत्ने सापडली. बरेचसे कोलकात्याच्या संग्रहालयात गेले, अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या आणि काही रत्ने पेपे कुटुंबाकडे राहिली. तीच रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सोदबीजने लिलावात काढली. केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस धाडली आणि लिलाव थांबला. पुढे गोदरेज समूहाने ती रत्ने विकत घेतली आणि जुलैच्या अखेरीस ती भारतात परतली. पैसे इथेही मोजावे लागले, पण लिलावातल्या बोलीपासून ती वाचली. नोटिशीचा एक कागद वेळेवर गेला, तर हातोडा हवेतच थांबतो.

तलवारीचे आणि रत्नांचे झाले. आता चित्रांकडे येऊ, कारण तिथली हेळसांड अधिक मोठी आहे आणि तिच्यासाठी इंग्रजांना जबाबदार धरता येत नाही.

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. हुसेन जन्मले पंढरपुरात, सिनेमाचे फलक रंगवत उभे राहिले ते मुंबईत. १९५४ सालचे हे चित्र जवळपास १४ फूट लांब आहे आणि त्याच्या १३ चौकटींत खेड्यातले रोजचे जगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरने ते त्याच वर्षी विकत घेतले आणि नॉर्वेला नेले. पुढे त्याने ते ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकले. तिथल्या एका खासगी मार्गिकेत ते अनेक दशके टांगलेले होते. विक्रीचा पैसा त्या रुग्णालयात डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर खर्च होणार, असे जाहीर झाले.

एका परक्या डॉक्टरला जे १९५४ मध्ये दिसले, ते इथल्या एकाही सार्वजनिक संस्थेला दिसले नाही. तेव्हा ते चित्र कुठल्याही सरकारी खात्याला सहज परवडले असते. आज ११८ कोटी कुठल्याच सार्वजनिक संग्रहालयाला परवडणार नाहीत, आणि परवडावेत असे मी म्हणणारही नाही. त्या पैशात शाळा बांधाव्यात. पण वेळ असताना दोन पैसे खर्च करण्याची अक्कल वापरली असती, तर आज शाळा की चित्र, हा प्रश्नच पडला नसता.

वासुदेव गायतोंडे यांचे घ्या. घराणे गोव्याचे, जन्म १९२४ सालचा नागपूरचा, लहानपण गिरगावच्या चाळीत गेले, शिक्षण जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्या १९७० च्या एका चित्राला ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले. बातम्या झळकल्या. पण त्या बातम्यांत चित्र कसे आहे, याबद्दल किती ओळी होत्या? आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा फिरला आणि चित्र मागे राहिले.

गायतोंडे कॅनव्हासवर रोलरने रंगाचा थर चढवायचे. तो ओला असताना त्यावर कागदाचे फाटके तुकडे दाबायचे, ते उचलले की रंग काही जागी निघून यायचा आणि काही जागी राहायचा. मग सुरीने खरवडणे, पुन्हा पातळ थर, पुन्हा वाट पाहणे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे व्हायची. त्या पृष्ठभागाकडे पाच मिनिटे पाहत उभे राहिले की आतून प्रकाश वर येतोय असे वाटू लागते. हे छापील फोटोत दिसत नाही, मोबाइलवर तर अजिबातच नाही. ते मूळ चित्रापुढे उभे राहूनच कळते. आणि बहुतेक मूळ चित्रे एका खासगी घरातून निघतात, दुसऱ्या खासगी घरात जातात. नागपूरच्या, गिरगावच्या किंवा पणजीच्या मुलाने आपल्या मातीतल्या या चित्रकाराचे चित्र पाहायला जायचे कुठे? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने जिद्दीने अंक आणि ग्रंथ काढले नसते, तर मराठी वाचकाला गायतोंडे हे नाव फक्त कोटींच्या आकड्याशेजारीच वाचायला मिळाले असते.

अशी उपेक्षा एकट्या गायतोंडे यांच्याच वाट्याला आली नाही. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्याचे सहा संस्थापक. त्यातले शिल्पकार सदानंद बाकरे लंडनहून परतले आणि दापोलीजवळ मुरूडला राहिले. २००७ मध्ये तिथेच ते गेले. कोकणातल्या त्या गावी दरवर्षी हजारो पर्यटक समुद्र पाहायला येत होते. आधुनिक भारतीय कलेचा एक संस्थापक तिथे राहतो, हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितले होते?

लिलावातल्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बातमीत छापून येणाऱ्या किमतीत लिलावगृहाचा हिस्सा मिसळलेला असतो. हातोडा पडतो त्या रकमेवर साधारण वीस टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम खरेदीदाराकडून वेगळी घेतली जाते. विकणाऱ्याला पैसे मिळतात, लिलावगृहाला मिळतात, सरकारला कर मिळतो. ज्याने चित्र काढले त्याला किंवा त्याच्या घरच्यांना काय मिळते?

कायद्याने मिळायला हवे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आहे. १९९४ च्या दुरुस्तीने ते आले. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. हिस्सा जास्तीत जास्त दहा टक्के. कॉपीराइट जिवंत असेपर्यंत, म्हणजे कलावंताच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे, हा हक्क टिकतो. एक कोटीच्या फेरविक्रीवर दहा लाखांपर्यंत. अनेक चित्रकारांच्या घरी या रकमेने आयुष्ये बदलली असती.

पण हिस्सा नेमका किती, हे दर व्यवहारात ठरवून घ्यावे लागते. आधी ते काम कॉपीराइट बोर्डाकडे होते, आता ते व्यापारी न्यायालयाकडे गेले आहे. म्हणजे दिवंगत चित्रकाराच्या पत्नीने किंवा मुलाने वकील करायचा, व्यवहाराची कागदपत्रे मिळवायची, बड्या धनिकाविरुद्ध उभे राहायचे. कुणाची छाती होणार? हक्क पुस्तकात आहे आणि हक्कदार घरात बसून आहे. लिलावगृहानेच ठरावीक टक्के कापून घ्यावेत आणि वारसांपर्यंत पोहोचवावेत, एवढा साधा नियम केला तरी हे कलम जिवंत होईल. खासदारांनी तो आग्रह धरावा. कलावंतांच्या संघटनांनीही जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणांतला थोडा वेळ या मागणीला द्यावा.

‘आपल्याकडे हे जमायचे नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी दोन पत्ते देतो. पहिला, सातारा जिल्ह्यातले औंध. तिथल्या छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रे जमवली. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही त्या संग्रहात आहे. हे सगळे वाड्यात कोंडून न ठेवता त्यांनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय बांधून लोकांपुढे मांडले. दुसरा पत्ता पुण्याचा. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, गावोगाव फिरून लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, वाद्ये, गंजिफा, कोरीव दारे जमवत राहिले. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू वीस हजारांच्या घरात. कोथरूडचा पडता मस्तानी महालही त्यांनी उचलून तिथे उभा केला.

या दोघांनी हातोड्याची वाट पाहिली नाही. वस्तूला भाव येण्याआधी तिचे मोल ओळखले आणि ओळखल्यावर ती चारचौघांसाठी खुली केली. वारसा जपणे म्हणतात ते याला. विमानतळावरची मिरवणूक त्याच्या कितीतरी नंतर येते.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी स्पष्ट आहे. संचालनालयात चार-पाच जाणत्या माणसांचा कायमचा कक्ष हवा. सोदबीज, क्रिस्टीज, बोनहॅम्सपासून मुंबई-दिल्लीच्या लिलावगृहांपर्यंत प्रत्येक यादी त्यांनी वाचावी. वस्तू आपली वाटली, तर आधी ती कशी बाहेर गेली हे तपासावे, दावा टिकणारा असेल तर केंद्रामार्फत नोटीस जावी आणि नसेल तरच खरेदीचा विचार व्हावा. त्यासाठी अर्थसंकल्पात दरवर्षी ठरावीक निधी असावा आणि किती रुपयांपर्यंत जायचे हे गाजावाजा न करता आधी ठरावे. सरकार उतावीळ झाले आहे हे कळले की बोली चढते, हे बाजारात उभा राहिलेला कुणीही सांगेल. आणि त्याच निधीतला एक वाटा आज काम करणाऱ्या, अजून स्वस्त असणाऱ्या चित्रकारांची चित्रे घेण्यासाठी राखून ठेवावा. पुढचा गायतोंडे आज कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत रंग घोटतो आहे. त्याचे चित्र आज घ्या.

रघुजींच्या तलवारीबद्दलही एक मागणी. ती नागपूरच्या माणसाला त्याच्याच शहरात, चांगल्या उजेडात आणि मराठी माहितीफलकासह कायमची पाहता आली पाहिजे. सोहळा झाला की वस्तू कुलपात, असे तिच्या बाबतीत होता कामा नये.

आता थोडे तुम्हा-आम्हा सर्वांसाठी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित किंवा कागद, हे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरतात. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या घरात असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते. नोंदणीने मालकी जात नाही. उलट चोरी झाली तर वस्तू तुमची होती, याचा कागद हाती असतो. हे गावागावांत कुणी समजावून सांगत नाही, म्हणून लोक ‘सरकार घेऊन जाईल’ या भीतीने गप्प राहतात. मग वाडा पाडायची वेळ आली की मोडी कागद रद्दीत जातात, कोरीव खांब सरपणाच्या भावाने जातात, आणि काही वर्षांनी तेच खांब ‘पश्चिम भारत, अठरावे शतक’ अशा ओळीखाली कुठल्या तरी कॅटलॉगमध्ये दिसतात.

पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने अनेक दशकांपूर्वी तमिळनाडूतल्या मंदिरांत फिरून मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. पुढे चोरीला गेलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांत सापडल्या, तेव्हा हेच फोटो पुरावा ठरले आणि मूर्ती परत आल्या. तिथे एका संस्थेने केले ते आज आपल्या प्रत्येक गावाला करता येईल, कारण प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

तेव्हा या रविवारी तीन कामे करा. तुमच्या गावच्या देवळातल्या मूर्तींचे आणि वीरगळांचे चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख घाला, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवा. घरातली जुनी ट्रंक रद्दीवाल्यापुढे ठेवण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि मुंबई-दिल्लीत असाल, तर लिलावाआधीच्या दिवसांत चित्रे पाहण्यासाठी मांडलेली असतात तिथे जा. सहसा तिकीट नसते आणि विकत घेण्याची सक्ती तर नसतेच. पोरांनाही घेऊन जा. गायतोंडे त्यांच्या नजरेसमोर कदाचित तेवढेच चार दिवस असतील.